गाठ नसलेलं जाळं

चौथ्या आठवड्यात बोलावलं होतं,
सातव्यात आली ओब्दुलिया लेमा.
"सार्डिनचा हंगाम होता," म्हणाली,
जणू पोट थांबतं हंगामासाठी.

आ कोरुन्याच्या इस्पितळात, तळघरात,
मी दिवसभर माणसांचे काप वाचते
काळ्या-करड्या छटांत.
स्वादुपिंड सुजून गेल्यावर तिच्या जठरामागे
तळं साचलं होतं. अकरा सेंटिमीटर, गढूळ.
ब्रेइशोने सोनोग्राफीच्या डोळ्याने
आतूनच भिंत चाचपली, भोक पाडलं,
आणि तारेचा इवलासा डमरू बसवला:
एक तोंड जठरात, एक तळ्यात.

आता माझं काम.
जागेवर आहे? आहे.
दोन्ही कडा उमलल्यात? उमलल्यात.
तळं आटून दोन सेंटिमीटर,
आत हवेचे चार बुडबुडे.
दुसऱ्या कुणाच्या पोटात हे दिसते
तर फोनकडे धावले असते मी;
इथे ते सांगतात, वाट मोकळी आहे.

मग धमनी.
प्लीहेकडे नागमोडी जाणारी.
तळं आटलं तशी पलीकडची भिंत पुढे सरकली,
डमरूची कड आणि धमनी यांत
तीन मिलिमीटर.
पुन्हा मोजलं. तीनच.

रिपोर्टात लिहिलं, स्टेंट लवकर काढावा.
'लवकर'खाली रेघ मारता येत नाही
आमच्या संगणकात,
म्हणून उठून बाहेर गेले.

"दाखव," ती म्हणाली.
नियमात बसत नाही. दाखवलं.
पडद्यावर डमरू फिरवला,
मणक्यापुढे चकाकणारा.
चष्मा कपाळावरून खाली आला,
आणि मालपिकाच्या धक्क्यावर चाळीस वर्षं
फाटकी जाळी सांधलेली बाई
घरं मोजू लागली.
"गाठ कुठाय?"

या तळघरात तो शब्द ऐकला
की हात थिजतात माझे.
गाठ नाही, म्हटलं. नुसतीच वीण.
"मग टिकायचं नाही."
टिकायला नकोच आहे.

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.
"पाण्यात विसरलेलं जाळं
आधी शेवाळ धरतं, मग शिंपले.
मग ओढायला जावं
तर खडकच सुटून येतो."

पुस्तकात यावर दोन पानं आहेत:
मांस कडेवर कसं चढतं,
तारेला कसं गिळतं.
आकृत्यांसकट.

उद्या सकाळी, मी म्हणाले. उपाशीपोटी.
"उद्या लिलाव आहे."
ओब्दुलिया.
"बरं, बरं. पण काढल्यावर
ती तार मला द्याल?"
नियम बघावा लागेल.

पडदा बंद करायला वळले,
तर काळ्या काचेत तिची बोटं दिसली:
नायलॉनने चरे पडलेली,
मांडीवर, न बघता,
हवेत गाठ मारत होती.