हलका गियर

सायकल आधी माझी नव्हती.
दहिसरच्या एका मुलाची. तो हॅलिफॅक्सला गेला शिकायला,
त्याच्या आईनं जिन्याखालून काढून दिली,
म्हणाली, गंजण्यापेक्षा तुम्ही चालवा, निमकरबाई.
दांड्यावर त्याचं कवटीचं स्टिकर आहे अजून,
नखानं निघत नाही.
एक्कावन्नाव्या वर्षी मी कवटी घेऊन फिरते.

जानेवारी. बोरिवलीच्या फाटकाशी
बारकू वरठा तिकीट फाडतो,
अंगठ्यानं टायर दाबून बघतो,
जशी दिंडोरीला माझी काकू मणी दाबून बघायची
घड तोडायला आला की नाही.
"हवा जरा कमी ठेवा, दगड बोचत नाही मग.
आणि डांबर सोडायचं नाही."
मी मान हलवते.
दोघांनाही माहीत असतं,
कान्हेरीच्या अलीकडे मी डांबर सोडणार.

चढ.
चढावर फार काही सोबत येत नाही.
पेन्शनचा फॉर्म, गळका गीझर,
जाऊबाईंचं ते वाक्य
एकेक करून उतरून जातं वाटेत.
उरतो श्वास, साखळीची कुरकुर
आणि उजव्या गुडघ्यातला जुना खडा.
मी हलक्या गियरवर येते.
पाय गरागरा, सायकल जागच्या जागी;
कडेचा एक मुंगळा मला मागे टाकून जातो.
जाऊ दे.

वर कांडोळ उभा, पांढराफटक,
अंगावर पान नाही, लाज नाही.
खाली उतरणीवर कारवीचे वाळके दांडे,
ओळीत असल्यासारखे. नाहीत ओळीत.
ओळी माझ्या डोळ्यांत आहेत, काकाच्या बागेच्या.
तिथं आम्ही दोन मांडवांच्या मधून सायकल पळवायचो,
एका हातात काठी, काठी तारेवर,
आणि सगळी बाग वाजायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
काका ओरडायचा: मणी झडतील!
झडायचे. आम्ही वेचून खायचो.

इथे तार नाही. कुणी कुणाला बांधलेलं नाही.
वेल आपल्या मर्जीनं ऐनावर चढलाय,
त्याला फळ धरायची घाई नाही.

चुलतभावानं पाठवलेल्या पेटीतली द्राक्षं
पाठीवरच्या पिशवीत होती.
सुकल्या ओढ्याशी बसले, पिशवी उघडली,
मागून एक हात आला, केसाळ, अतिशय सभ्य,
आणि अर्धा किलो घेऊन झाडावर गेला.
वरून माझ्याकडे बघत
तो एकेक मणी सोलून खात होता.
मी आयुष्यात द्राक्ष सोललेलं नाही.

उतारावर मी ब्रेक दाबत नाही.
खोटं. दाबते, पण उशिरा.

परत निघाले तेव्हा ओढ्याच्या धुळीत
माझ्याच टायरची नक्षी होती, येतानाची,
आणि तिच्यावर
चार बोटं, एक तळवा.
नखं नाहीत.
ठशाची कड अजून ढासळलेली नव्हती.

म्हणजे मी माकडाला शिव्या देत होते तेव्हा
कुणीतरी माझ्या वाटेवरून गेलं होतं.
घाईत नाही. ठसे सारख्या अंतरावर होते.
जंगल होतं तसंच राहिलं.
लांबून, पार लांबून, महामार्गाचा घुमारा येत होता.
मला वाटलं होतं भीती वाटेल. वाटली.
पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं,
घरात कुणी आपल्याला झोपलेलं बघून
दार हळू लोटून घेतं,
तसं.

त्या ठशांवरून चाक न्यायला मन धजेना.
सायकल खांद्यावर घेतली,
कडेच्या दगडांवरून पाय टाकत
ओढा ओलांडला. कवटी कानाशी आदळत होती.

फाटकाशी बारकू म्हणाला, "दिसलं काही?"
"माकडं," मी म्हटलं.
त्यानं टायरकडे पाहिलं, टायरला तांबडी माती.
मग माझ्या खांद्याकडे,
जिथे साखळीचं काळं वंगण
पट्ट्यासारखं उमटलं होतं.
"उचलून आणलीत वाटतं," तो म्हणाला,
आणि उरलेल्या द्राक्षांसाठी
हात पुढे केला.