लादी

बोरा बाजारात, शिंप्याच्या वरच्या मजल्यावर माझं दुकान.
एक प्रिंटर, दोन मॉनिटर,
भिंतींना राखाडी रंग, म्हणजे डोळा फसत नाही.
मेच्या दुपारी हेमलता कोठारे जिना चढून आल्या,
दम घेतला, भाजीच्या पिशवीतून हार्ड डिस्क काढली.
"चार हजार एकशे बारा," म्हणाल्या.
"त्यातले अकरा छापायचे. मोठे."

चौतीस वर्षं पोर्ट ट्रस्टात
आल्या-गेल्या जहाजांच्या नोंदी केल्या त्यांनी.
एकावरही चढल्या नव्हत्या.
मग फंडाचे पैसे उचलले
आणि थेट पृथ्वीच्या खालच्या टोकाला,
अठरा दिवस,
सोबत मेतकुटाची बरणी आणि भाच्याचा कॅमेरा.

"तुम्ही तांडेल ना? म्हणजे बोट हाकणारे."
बोट आजोबांनीच विकली, मी म्हटलं.
मी फक्त रंग हाकतो.

रात्री एकेक फोटो उघडला.
देवमाशाची शेपटी, पाणी निथळताना, जराशी हललेली.
एक सील, पोट वर करून,
जेवणानंतरच्या हेडक्लार्कसारखा.
पेंग्विन, राणीबागेतल्या काचेमागचे नव्हेत,
हजारोंनी, वाऱ्याकडे पाठ करून उभे.
आणि बर्फ.
चाळीएवढा, चाळींच्या अख्ख्या रांगेएवढा,
आणि सगळा निळा.

निळं म्हणजे कॅमेऱ्याची चूक,
हे मला उस्तादांनी कान पिळून शिकवलंय.
मी बर्फ पांढरा केला.
पेंग्विनांच्या पायाशी गुलाबी-तपकिरी डाग होते,
तेही पुसले,
नवरीच्या गालावरचे मुरूम पुसतो तसे.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
खूप वेळ पाहत राहिल्या.
"छान आहे हो," म्हणाल्या,
"पण इथे मी गेले नव्हते."

मग समजावलं मला, ऑडिटरला समजावतात तसं:
जुना बर्फ दाबत जातो, हवा निघून जाते,
उरतं ते निळं.
हातमोजा काढून खटका दाबला होता त्यांनी,
दोन बोटं अजून सकाळी झोपलेली असतात.
"आणि ते डाग पुसू नका.
बारीक कोळंबी खातात ना ते, त्याची घाण.
वास तर असा,
डोळे मिटले असते तर म्हटलं असतं, आलं ससून डॉक.
एवढ्या लांब जाऊन, तांडेल,
मला घराजवळचा वास आला."
आणि हसल्या.

मी नाही हसलो.
त्याच वासापायी चौथीत
माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही.
आई शर्टाच्या बाह्यांना लिंबू चोळायची,
बर्फानं फुटलेल्या बोटांनी,
लिंबू झोंबायचं तिलाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे डॉकवर गेलो,
किती वर्षांनी, मोजलं नाही.
ट्रकमधून लाद्या घसरत होत्या,
भुसा लागलेल्या, धूर सोडणाऱ्या.
एक लादी यंत्रात जायच्या आधी
ट्यूबलाइटखाली आडवी पडली.
वाकून कडेनं पाहिलं.
मधे पांढरं, धुकं गोठल्यासारखं.
पण खोल, एका कोपऱ्यात,
निळं?
असेल. ट्यूबलाइटचंही असेल.
मी शपथ घेणार नाही.
"ए काका, सरका," पोरगा ओरडला,
आणि लादीचा चुरा झाला.

अकराही फोटो पुन्हा छापले.
निळं जसंच्या तसं.
डाग जसेच्या तसे, उलट किंचित गडद.
कागदाचे पैसे लावले नाहीत,
त्यांनी मोजून ठेवले तरी.

एक चाचणीचा कागद उरला होता,
कडेला शाईची रेघ आलेला.
तो घरी नेला. आईच्या मांडीवर ठेवला.
तिनं बोटानं बर्फ चाचपला,
लादी पारखावी तसा,
"एवरा बरफ," म्हणाली. "नि म्हावरा?"

खाली, म्हटलं. पाण्यात.

तिनं मान हलवली
आणि कागद नाकाजवळ नेला.