वादी

कुताइसीत, रिओनी नदीच्या वळणावर माझं दुकान.
नाचणाऱ्यांचे बूट शिवतो, मऊ, बिनटाचेचे.
आत बोटं दुमडून पोरं त्यांच्यावर उभी राहतात.

माल्खाझ उडाला, गुडघ्यांवर उतरला, उठला,
आणि वळताना एक आवाज झाला.
ढोलात कुणाला ऐकू गेला नाही. मला गेला.
ओली वादी ताणून तुटते, तसा.

डॉक्टर नेस्ताननी काळी फिल्म उजेडाला धरली.
"लिगामेंट इथे असायला हवं होतं."
तिथे नुसतं राखाडी धुकं.

मग त्या पर्याय सांगत गेल्या
आणि मी मनात चामडं निवडत गेलो.
मांडीमागून त्याचीच कंडरा काढायची,
घडी घालून हाडातल्या भोकांतून ओवायची.
(बरोबर. जुन्या बुटाच्या गळ्यातून नव्याचा बंद निघतो.)
नाहीतर वाटीखालची, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा धरून.
पक्की बसते, पण पुढे गुडघे टेकताना दुखतं.
माल्खाझ हसला. गुडघे टेकणं हाच त्याचा धंदा.
मेलेल्या माणसाचीही मिळते म्हणे.
मी नको म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या,
उड्या मारणाऱ्या तरुणाला ती लवकर दगा देते.
आणि कापायचंच नसेल, तर मांडी कमवायची, महिनोन्महिने.
चालणं, सायकल, डोंगर, लग्न, सगळं जमेल.
"वळणं तेवढी जपून."

"घट्ट गुडघा कसा असतो, दाखवते,"
म्हणून त्यांनी मलाच टेबलावर आडवं केलं.
नडगी धरली, पुढे ओढली.
थांबल्या.
पुन्हा ओढली. कप्पा सरकावा तशी ती सरकली.
"हे कधीचं?"

अठ्ठ्याहत्तर साल. पार उत्तरेला, लष्करी ट्रकमधून उतरताना
खाली बर्फ होतं.
सार्जंटने गुडघ्यावर व्होडका ओतली,
उरलेली स्वतः प्यायला.
पर्याय म्हणाल तर एवढाच.

मला वाटायचं, वळण्याआधी सगळ्यांचेच गुडघे
क्षणभर विचार करतात.
बायको म्हणायची, तुमची अक्कल गुडघ्यात.
असेल. जागा तर होती तिथे.

माल्खाझ माझ्याकडे बघत राहिला.
आमच्या जिन्याच्या कोपऱ्यावर, भिंतीला,
माझ्या पंजाएवढा तेलकट डाग आहे.
त्याची आई दरवर्षी त्यावर चुना फासायची, मला शिव्या देत.
तो डाग त्याला आत्ता वाचता आला.

त्याने अजून काही ठरवलेलं नाही.
मी विचारतही नाही.
दवाखान्याच्या उतारावर कुबड्या त्याच्या होत्या,
तरी कोपर त्यानेच पुढे केलं, आणि मी धरलं.

रात्री त्याचे बूट घेऊन बसलो.
उजव्याला नवी वादी ओवली.
नऊ महिन्यांत छान मुरेल.
नाहीच घातले त्याने, तर टाच लावून मी वापरेन.
माप आमचं एकच आहे.