सहा वाजून दहा मिनिटं

पोल्कोवित्सेत, चौथ्या मजल्यावर,
कपाटातल्या बशांच्या मधे मी फ्लॅनेलचे तुकडे घालते.
झेनोनचा जुना पायजमा कापून केलेले.

सहा वाजून दहा मिनिटांनी
आधी चमचे बोलतात, मग दिव्याची काच,
मग शेजारच्या विएस्वावाचा कुत्रा.
मी घड्याळ बघते. वेळेवर आहे.
बटाटे सोलत राहते.

अकराशे मीटर खाली
आत्ताच सुरुंग उडवलेत, सत्तर भोकांत, एकदम,
माणसं सगळी लांब काढून.
खडकाला म्हणायचं :
पोटात राग आहे ना, मग आत्ता काढ,
आत्ता समोर कुणी नाही.

लेक माझी, यागोदा, वर केंद्रात बसते,
पुढ्यात बत्तीस जिओफोनच्या रेषा.
दगड कुरकुरतो, म्हणते. कुरकुर बरी.
एखादा कोपरा अचानक गप्प झाला
की मी फोन उचलते.

तिनंच जेवताना पाव चिमटीत दाबून दाखवलं :
खांब आम्ही मुद्दाम बारीक ठेवतो, आई.
हळूहळू दबावा, कडेनं फुगावा,
भार थोडा शेजाऱ्यावर सोडावा.
मोडेन पण वाकणार नाही म्हणणारा खांब
माणसं मारतो.
भिंतीवर तिच्या बापाचा फोटो होता.
मी मीठ पुढे केलं.

त्या मंगळवारी चमचे बोलले
तेव्हा दोन चाळीस झाले होते.
जिन्यातलं एकेक दार उघडलं.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.
हातात जे होतं ते हातातच :
इस्त्री, कांदा, अर्धा विणलेला मोजा.

झेनोन चौदा तासांनी वर आला, एक कान घालवून.
विएस्वावाचा गेरार्ड आला नाही.
छत नाही पडलं, झेनोन म्हणाला, पुढं कितीतरी वर्षं तेवढंच म्हणायचा,
छत नाही,
जमीन उठली.

आज सहा दहा झाले.
सहा चौदा.
बशा गप्प. कुत्रासुद्धा.
सोललेला बटाटा हातात काळा पडत चाललाय.

साडेसहाला फोन.
आई, घर हललं?
नाही गं.
पलीकडे कुणीतरी कागद उलटत होतं.
मग रात्रपाळी खाली सोडत नाही आम्ही.
मला उशीर होईल, तू जेवून घे.

मी सूप झाकून ठेवते.
विएस्वावाचं दार वाजवते,
उगाच, मीठ मागायला.