बरेदु कोडी

साहेबांचा फोन नेहमी साडेपाचनंतर येतो,
आवक-जावक रजिस्टर कपाटात गेल्यावर.
फोनवरच्या बोलण्याला जावक क्रमांक नसतो.

"हुळंदवाड्याची ग्रामसभा झाली असं लिहा.
चौदा तारीख. सतरा घरं, एकमतानं,
जंगल सोडायला राजी."

चौदा तारखेला हुळंदवाड्याचा साकव
नदीनं नेला होता. तीन दिवस
तिकडचं दूधसुद्धा खानापूरला आलं नाही.
मला ठाऊक होतं. साहेबांनाही असणार,
साकवाच्या दुरुस्तीचं बिल त्यांच्याच सहीनं निघालं.

पीडीओ मॅडम बैलहोंगलच्या. महादेवी अंगडी.
नोकरीला दोन वर्षं. मराठी बोलताना
फणसाला 'ती' म्हणायच्या, म्हशीला 'ते'.
त्या फोनवर एवढंच म्हणाल्या,
"बरेदु कोडी, सर."
लिहून द्या.
माझ्या मराठी कानाला त्यात आधी 'बरे' ऐकू आलं
आणि मग कोडं.

तोंडी लावायला लोणचं घ्यावं मॅडम, हुकूम नव्हे,
असं म्हणून मी हसलो.
त्या हसल्या नाहीत.
मला हसणं सोपं होतं. सही त्यांची जाणार होती.

एकवीस वर्षांत असल्या किती सभा
मी या टेबलावर भरवल्या, एकटाच.
सूचक मी, अनुमोदक मी,
शाईच्या पॅडवर अंगठे माझेच,
आधी डावा, मग उजवा, मग करंगळीसुद्धा.
सतरा घरांना दहा बोटं पुरत नाहीत,
पण मोजतो कोण?

दुसऱ्या दिवशी त्या चालत वाड्यावर गेल्या,
ठरावाचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.
कोंडू वरकाच्या खळ्यात बसल्या, घरटी विचारलं.
अकरा घरं नाही म्हणाली.
दोन होय म्हणाली, त्यातली भागू येडगे म्हणाली,
पोरीला ताप आला की झोळीतनं पाच मैल न्यायची,
मी कशाला थांबू हितं?
चार घरं गप्प राहिली.
मॅडमनी होय लिहिलं, नाही लिहिलं,
आणि खाली चार नावांपुढं, कानडीतून,
'गप्प' असंही लिहिलं.
ठरावात गप्प लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

नवव्या दिवशी बदली. अथणी.
तो आदेश मात्र लेखी होता,
शिक्क्यासकट, दोन प्रतींत.

जाताना त्यांनी चार्ज माझ्याकडं दिला,
किल्ल्या, पॅड, ते पुस्तक.
उपदेश काही केला नाही. एसटी सुटायची होती.

आज साडेपाच वाजून गेले.
"ते पान बदला," साहेब म्हणाले,
"तुम्ही जुने आहात, तुम्हाला काय सांगायचं."
खरंच होतं. मला काहीच सांगावं लागत नाही.
मी डाव्या अंगठ्याकडं पाहिलं.
नखाच्या कडेला जांभळं असतं, कायमचं.

माझी कानडी ऑफिसपुरती. हेल मराठी.
"बरेदु," म्हटलं, आणि घसा धरला.
"कोडी, सर."

पलीकडं चहाच्या पेल्यात चमचा फिरत होता.
थांबला.