हिंचका

मकरपुऱ्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं
उजळलेल्या पांढऱ्या पडद्यासमोर बसून
मी बाटल्या पाहिल्या.
मिनिटाला नव्वद.
दर वीस मिनिटांनी डोळे बदलायचे,
म्हणजे मी उठायचे आणि जशोदाबेन बसायची.

बुडबुडा. खडा. तोंडाला चीर. पाठीला सुरकुती.
आणि महिन्यातून एखादीच अशी
की आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
केसाएवढी काचेची तार.
तिला आम्ही हिंचका म्हणायचो.
औषधात तुटला तर कुणाच्या तरी पोटात जाईल,
म्हणून चहा सुटला तरी चालेल,
हिंचका सुटता कामा नये.

मग लाकडी खोक्यातून चार कॅमेरे आले
आणि त्यांच्यासोबत चिरायु नावाचा पोरगा.
म्हणाला, काकी, याला अजून काही येत नाही,
तुम्ही शिकवा.

तीन महिने मी स्क्रीनवर बोट ठेवून सांगत होते:
ही खराब. ही चालेल.
ही खराब आहे, पण अत्तरवाला घेतो.
चिरायु थांबला.
'पण'साठी त्याच्याकडे कप्पा नव्हता.
दोनच होते.

आता मिनिटाला तीनशे.
डोळे बदलावे लागत नाहीत.
जशोदाबेन गोरव्याला घरी पोळ्या लाटते,
ऑर्डरी फोनवर येतात, तारे मोजून.
मला ठेवलंय.
दर दोन तासांनी मऊ फडक्याने
कॅमेऱ्याची भिंगं पुसते.
पगारपत्रकात लिहितात: सहायक, दृष्टी विभाग.

गेटवर नवी जाहिरात लागली आहे.
डिप्लोमा हवा, वय अठ्ठावीसच्या आत.
डोळ्यांची अट नाही.

खरं सांगायचं तर
परवा त्याने एक हिंचका पकडला,
इतका बारीक, की माझ्या हातून गेलाच असता.
पाठीवर थाप मारावीशी वाटली.
पाठ शोधली. मागे नुसत्या वायरी.

ती बाटली भंगारातून मागून घेतली,
पदराखाली धरून बसने घरी आणली.
भाचा ट्यूबलाइटखाली धरून म्हणतो,
मावशी, रिकामी तर आहे.

म्हटलं, फिरव.
एवढ्या घाईने नाही रे.
हळू.