साडेसात वेढे

कोपनहेगन सपाट आहे, परातीत थापल्यासारखं.
सायकल सोडून दिली तर जागीच आडवी होते.
या शहरानं आपला एकुलता एक घाट
गुंडाळून एका बुरुजात ठेवला आहे.

पायऱ्या नाहीत. नुसता विटांचा चढ,
पांढऱ्या भिंतींमधून साडेसात वेढे घेत वर जाणारा.
म्हणून तर त्यूराला इथं आणता आलं,
चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर तपकिरी शाल,
पर्समध्ये रुमालात बांधलेली उकडलेली अंडी.

तिकीट देणाऱ्यानं विचारलं, "आई का?"
"नाही," मी म्हटलं,
आणि पुढं काय म्हणायचं ते सुचेना.
ट्रोल्सला सोडून मला सहा वर्षं झाली.
घर विकलं. कुत्रा त्याच्याकडं गेला, फ्रीज माझ्याकडं.
कागदांवर सासूचं कलमच नव्हतं.
ती राहून गेली.

बाहेरच्या भिंतीला धरून गेलं तर वाट लांब, चढ सौम्य.
मधल्या खांबाला चिकटून गेलं तर वाट तिपटीनं कमी,
पण छातीवर येणारी.
शाळेची पोरं आतून धावत गेली.
आम्ही बाहेरून.
तिसऱ्या वेढ्याला माझे हात थरथरायला लागले,
तर खिडकीच्या कोनाड्यात थांबलो.

"एक राणी म्हणे इथं सहा घोड्यांच्या बग्गीतून वर गेली होती,"
त्यूरा म्हणाली. "माझ्या नशिबी एकच घोडी.
तीही पोरानं सोडलेली."
"मी सोडलं त्याला."
"तेच ते," ती म्हणाली,
आणि मीठ लावून अंडं माझ्यापुढं धरलं.

सात वेढे संपले, आणि उरलेल्या अर्ध्याच्या शेवटी,
काही लाजलज्जा नसल्यासारखा,
जिना.
अरुंद. एका माणसापुरता.
इतकं सगळं चाकांसाठी बांधून
शेवटी पाय मागितलेच.

मी काही बोलायच्या आत तिनं ब्रेक लावला.
"जा तू. बघून ये.
आणि खाली येऊन मला सांगत बसू नकोस.
वर्णनं ऐकायचा कंटाळा आलाय मला,
गेली तीन वर्षं लोक मला वर्णनंच ऐकवतात."

वर वारा होता. लोखंडी जाळीचा कठडा होता.
बाकीचं लिहीत नाही.

खाली आले तर खुर्ची जागेवर नाही.
चढावर मोकळी सुटलेली चाकं
माझ्या कानातच फिरायला लागली.
पळत सुटले, मधल्या खांबाला धरून, आतल्या जवळच्या वाटेनं,
आणि काही वेढे खाली सापडली.
बुरुजाचा मधला खांब पोकळ आहे.
तिथं, त्या पोकळीवर, जाड काच बसवली आहे.
दोन पोरांना अंड्यांची लाच देऊन
तिनं खुर्ची तिथवर आणवली होती.
बूट काढून
मोजे घातलेले दोन्ही पाय काचेवर ठेवून बसली होती.
खाली पंचवीस मीटर अंधार.

"हे बघ," ती म्हणाली. "सगळे बाहेरचं बघायला वर पळतात.
एवढा बुरूज ज्याच्याभोवती फिरतोय ना, ते हे."
"पण काय आहे तिथं?"
"काही नाही," त्यूरा म्हणाली,
घरमालकिणीनं रिकामी खोली दाखवावी तशी, खुशीत.

उतरताना खुर्ची ढकलायची नसते, धरायची असते.
विटांवर टाचा रोवत,
सगळं वजन मागं टाकून.
उतारावर माणूस दुप्पट भरतं.
दुसऱ्या वेढ्याला ती म्हणाली,
"सोड जरा."
"वेडी आहेस का?"
"या वळणापुरतं. पुढं कुणी नाही, मी बघितलंय."

हात सोडला नाही मी.
बोटं ढिली केली फक्त, दहाच्या दहा,
आणि शाल उडाली, रबराचा वास आला,
आणि ती ओरडली,
तोंड भरून, सबंध बुरूजभर घुमेल अशी,
आणि मीही ओरडत होते,
आणि मुठी आपोआप आवळल्या गेल्या.

खाली तिकीटवाला खिडकीतून बाहेर डोकावला.
"सासू," मी धापा टाकत सांगितलं.
या वेळी त्यानं विचारलंही नव्हतं.